पंचवीस की वीस पाच : दुसरीच्या गणितामागची पार्श्वभूमी

जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून राज्यभर गदारोळ उठला, तेव्हा नागपूरच्या शाळांना अजून कुलपं होती. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरतात, विदर्भात मात्र उन्हामुळे २६ जून उजाडावा लागे. मुलांच्या हाती पुस्तक पडायच्या आत 'सत्तावीस' ऐवजी 'वीस सात' म्हणायचं, ही बातमी घरोघर पोचली होती. विधानसभेत एका नागपूरकर नेत्याच्या आडनावातल्या 'वीस'चीही फोड करून झाली. हशा पिकला. पुस्तकात जुनी आणि नवी अशा दोन्ही रीती दिल्या होत्या, हे फारसं कोणी पाहिलं नाही.

नव्या रीतीच्या बाजूने दोन कारणं सांगितली गेली आणि दोन्ही एकाच तागडीत तोलली गेली. पहिलं, जोडाक्षरांचं : त्रेसष्ट, सत्त्याण्णव हे शब्द मुलांना जड जातात. हे कारण लंगडं होतं. सहा-सात वर्षांचं मूल 'त्र्याऐंशी' ऐकून सहज म्हणतं. अडचण येते ती अक्षरांत लिहिताना, आणि संख्येची समज त्यावर अवलंबून नाही. मथळे मात्र याच कारणाचे झाले.

दुसरं कारण खरं वजनदार. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. ऐकण्याच्या क्रमाने लिहिणारं मूल २५ चे ५२ करतं. काही मुलं आधी ५ लिहितात, डावीकडे जागा सोडतात आणि मग २ भरतात. वहीत उत्तर बरोबर दिसतं, शिक्षक बरोबरची खूण करून पुढे जातात. हीच सवय 'एकशे पंचवीस'ला उलटते : १ लिहिला, लगेच ५, आणि दोनाला मध्ये जागाच नाही. म्हणून श्रुतलेखनाच्या वेळी वही तपासण्याआधी मुलाचा हात पाहावा लागतो.

त्यात 'एकोण'ची भर. एकोणतीस ऐकलं की कानात 'तीस' राहतो आणि पाटीवर ३९ उमटतात. १९ पासून ८९ पर्यंत सगळीकडे एकोण, आणि ९९ ला अचानक नव्व्याण्णव. दोनाचं तर काही विचारू नये : बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. 'शब्दाचं शेपूट ऐका, तोच दशक' ही युक्ती अनेक वर्गांत वापरतात. वीस, तीस, चाळीसपर्यंत ती चालते. 'बावन्न'मध्ये पन्नास ऐकू येत नाही आणि युक्ती तिथेच अडते. मुलं पन्नाशीपर्यंत बरी जातात आणि पुढे गडबडतात, त्याचं एक कारण हे.

विरोधकांचंही एक म्हणणं खरं होतं. दुकानदार वीस पाच रुपये मागणार नाही, आजी वीस पाच म्हणणार नाही, पाढ्यांचा ठेका तर मोडेलच. पण 'वीस पाच'कडे कायमचं नाव म्हणून पाहिलं की वाद कधीच संपत नाही. काड्यांपासून 'पंचवीस'कडे जाताना मधली पायरी म्हणून ते फार उपयोगी पडतं.

ती पायरी वर्गात अशी बसते. पाच मुलांच्या गटाला शंभर सुट्या काड्या, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला सहाशे. खराट्याच्या काड्या चालतात, तुराटीचे सारखे तुकडे केले तर आणखी चांगले. गठ्ठे मुलांनीच मोजून बांधायचे. साहित्यपेटीतून आलेला तयार गठ्ठा हातात दिला, तर मुलाच्या लेखी ती एकच जाड काडी असते, आत दहा आहेत याची खात्री त्याला नसते. रबरं नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये वाळून तुटतात, म्हणून सुतळी बरी. मग दोन गठ्ठे आणि पाच सुट्या समोर ठेवून 'दोन दशक पाच', नंतर 'वीस आणि पाच'. त्यानंतर २० चं रुंद कार्ड घेऊन त्याच्या शून्यावर ५ चं अर्ध्या रुंदीचं कार्ड ठेवायचं, म्हणजे २५ दिसतात आणि खाली वीस दडलेले आहेत हेही मुलाला कळतं. 'पंचवीस' हा शब्द शेवटी. कार्डांची पायरी गाळली की 'वीस आणि पाच' ऐकून मूल २०५ लिहितं. नव्या रीतीची ही अडचण वर्गात पहिल्याच आठवड्यात समोर येते.

याच गठ्ठ्यांवर वजाबाकी उभी राहते. ५२ मधून २७ काढताना ३५ उत्तर आलं, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला आहे : सातातून दोन, पाचातून दोन. पेपरात याला शून्य गुण पडतात आणि चूक कुठे झाली ते कळतच नाही. गठ्ठा सोडून बारा सुट्या करायला लावलं की त्याचं त्यालाच दिसतं.

जुनी परंपरा या वाटेने गेली नव्हती. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड आणि साडेतीनचे पाढे, पाठ होत. भर तोंडी हिशेबावर होता आणि तो व्यवहाराला पुरे. नागपूरपासून पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना पुढे आली. तिथे मोजणी सुतावर होती : चार फुटांचा तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. गट बांधून मोजण्याचा धडा त्यात होता, पण गट दहाचा नव्हता. १९५६ मध्ये नागपूर मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं, १९६७ मध्ये राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर रचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून पाहत शिकावं हा विचार, आला आणि २०१५ च्या राज्यव्यापी कार्यक्रमानंतर तो वर्गाच्या फरशीवर ऑइल पेंटने रंगवला गेला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) रचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अनेकांनी तिथून फरशी तेवढी आणली. काड्या हाताळायला द्यायचा वेळ वेळापत्रकात नव्हताच.

मग करोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिलीत नुकतं नाव घातलेलं मूल तिसरीकडे सरकलं तेव्हा त्याने गठ्ठा एकदाही बांधलेला नव्हता. २०२१ च्या पावसाळ्यात पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, त्याच जुलैत देशपातळीवर निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं अभियान जाहीर झालं. त्याचं लक्ष्य : पहिलीत ९९, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९ पर्यंतच्या संख्या. म्हणजे २०१९ मध्ये ज्या संख्यानामांवरून दुसरीच्या पुस्तकाचा वाद झाला, ती पहिलीतच यायला हवीत.

नागपुरात याला आणखी एक कंगोरा आहे. इतवारी बाजारातल्या दुकानात मुलाच्या कानावर 'उनतीस' आणि 'पच्चीस' पडतात. हिंदीतही एकक आधी, त्यामुळे मदत काहीच नाही. वर फरक असा की ८९ ला मराठी एकोणनव्वद म्हणते, हिंदी नवासी. सेमी इंग्रजीच्या वर्गात 'ट्वेंटी फाइव्ह' चालतं, दशक आपसूक आधी येतो. तिथे गोंधळ थर्टीन आणि थर्टीचा. अशा वर्गांना २०१९ च्या वादाशी देणंघेणं नव्हतं, आणि पालक सेमीकडे का वळतात या प्रश्नाला गणिताचं हेही एक उत्तर आहे, जे सहसा दिलं जात नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. त्या चर्चेत अस्मिता पुष्कळ होती. पण तो निर्णय टिकला असता, तर सहा वर्षांच्या मुलापुढे एकोणतीस आणि उनतीस एकाच वर्षी आले असते, आणि पाटीवर दोन्ही वेळा ३९ उमटायची शक्यता होती.