चाकामागची चूल

मे महिन्यात कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला गेलो होतो. पायथ्याशी चहाला थांबलो, तर पुढच्या चाकांतून करपल्यासारखा वास. भाचा म्हणाला, "मामा, क्लच जळाला का काय?" क्लच नव्हता, ब्रेक होते. परत आल्यावर चाक काढून पाहिलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळतात ते पॅड. आतल्या बाजूच्या पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, दोन-अडीच मिलिमीटर उरला होता, आणि डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा उंचवटा आला होता. पॅड आणि डिस्क दोन्ही बदलायची ठरली, आणि ती घरीच, अंगणात.

पण पाना हातात घेण्याआधी थोडा हिशेब करू. चौघे बसलेली लहान गाडी साधारण 1200 किलोची. ती ताशी 80 किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या अंगात 3 लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एक लिटर पाण्याला उकळी आणायला जवळजवळ तेवढीच लागते. म्हणजे 80 वरून गाडी उभी करायची तर लिटरभर पाणी उकळेल एवढी उष्णता चार-पाच सेकंदांत चाकामागे तयार होते. समृद्धी महामार्गावर 120 ने जात असाल, तर सव्वादोन लिटर. वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोनपट होते. घाटाचा हिशेब आणखी वेगळा. दोनशे मीटर खोल उतरलं की साडेतेवीस लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला बराच वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरणारे मात्र सगळा भार ब्रेकवर टाकतात. त्या दिवशी मीही तेच केलं होतं, हे भाच्याला सांगितलं नाही.

ब्रेक दाबला की गाडी नाक खाली करते, वजन पुढे येतं, म्हणून सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढची चाकं करतात. 80 वरून एकदा थांबलं की पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला लाखभर ज्यूल येतात आणि पाच किलोची डिस्क साधारण 45 अंशांनी तापते. सपाट रस्त्यावर ती लगेच वाऱ्याने निवते. घाटात निवायला वेळच मिळत नाही.

डिस्क बिडाची असते. (आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा याच्याशी काही संबंध नाही, बिडाचा तवा म्हणतो तेच हे बीड.) या लोखंडात ग्राफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात. त्या उष्णता पटकन पसरवतात आणि कंपनं गिळतात. बिडाच्या तव्याला टिचकी मारा, तो पोलादासारखा घणघणत नाही. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 सालीच घेतलं होतं, तरी आपल्या अॅम्बॅसॅडर आणि पद्मिनी वर्षानुवर्षं ड्रम ब्रेकवर, म्हणजे चाकातल्या पोकळ ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकवर चालल्या. ड्रममध्ये उष्णता डब्यात कोंडल्यासारखी अडकते, डिस्क उघड्यावर असते. फरक एवढाच, पण घाटात तो कळतो.

आता अंगण. आमच्याकडे काळी माती, तीत जॅक रुतत जातो. शहाबादी फरशीवर लावला तर फरशी तडकते. म्हणून खाली जाड फळी घ्यायची. मागच्या चाकाला दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. गाडी उचलली की तिच्याखाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

चाक निघालं की कॅलिपर दिसतो, म्हणजे पॅड धरून डिस्कला चिमट्यासारखा आवळणारा भाग. त्याचे मागचे बोल्ट काढून तो बाजूला करायचा आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगायचा. रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही. साचलेली काळी पूड फुंकायची नाही की हवा मारून उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा, आणि नसला तरी ती पूड छातीत जायला नको. ओल्या फडक्याने पुसावी.

मला सगळ्यात आवडणारा भाग कॅलिपरच्या पोटात असतो: पिस्टनभोवतीचं, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याभोवतीचं, चौकोनी काठाचं एक रबरी कडं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो, पण कडं त्याला धरून असल्यामुळे ते नुसतं पिळलं जातं. पाय उचलला की पीळ सुटतो आणि पिस्टन केसभर मागे ओढला जातो. परत ओढायला वेगळी स्प्रिंग लागत नाही. पॅड झिजला की पिस्टन कड्यातून जरासा घसरून नवी जागा धरतो, म्हणून डिस्क ब्रेक आपोआप जुळवून घेतात. पिस्टन जसजसा पुढे येतो, तसतशी त्याच्या मागची जागा ब्रेक ऑइलने भरते आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी उतरते. पुष्कळांना वाटतं ऑइल गळतंय, म्हणून ते वरून भरतात. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल डबीतून उतू जातं आणि रंग खाऊन टाकतं. म्हणून दाबताना डबीचं झाकण उघडं ठेवावं आणि एक डोळा तिकडे असावा. मागच्या चाकालाही डिस्क असेल, तर काही गाड्यांत तिथला पिस्टन फिरवत आत घालावा लागतो; जोर लावला तर मोडतो.

ऑइल जुनं असेल तर याच कामात बदलून घ्यावं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रकारचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत घसरू शकतो. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला टेकलं तरी गाडी थांबत नाही. घाटात ब्रेक 'गेले' असं म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

डिस्क किती झिजू शकते, ते तिच्यावरच कोरलेलं असतं. त्याहून पातळ झाली तर लेथवर घासून आणण्यात अर्थ नाही. नवी बसवण्याआधी हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज पॉलिश पेपरने घासावा. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं की "डिस्क वाकली" म्हणतात. बऱ्याचदा तिच्यामागे गंजाची कपची अडकलेली असते, डिस्क फिरताना जराशी डुलते आणि एकाच जागी घासून पातळ होत जाते. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसावं. ग्रीस फक्त कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनांना, तेही उष्णता सोसणारं. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

चाक चढवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले की गाडी हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा दाबायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी काढली तर फाटकावर जाते. मग ऑइलची पातळी पाहून झाकण लावायचं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर रिकाम्या रस्त्यावर गेलो. ब्रेक दाबत वेग 50 वरून 15 पर्यंत आणला, हळूच, पूर्ण न थांबता, दहा वेळा. मध्ये थोडं अंतर कापत डिस्क निवू दिली. अशा वेळी पॅडमधल्या मसाल्याचा अगदी पातळ थर डिस्कवर चढतो आणि पुढे पॅड बराचसा त्या थरावरच घासतो. घरी आल्यावर भाच्याने टॉर्च मारला. सकाळची चकचकीत डिस्क राखाडी पडली होती. "जुनी लावली का काय परत?" तो म्हणाला.