फोनो प्रीॲम्प (घरी बनवलेला)

रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधे बसणारं छोटं सर्किट म्हणजे फोनो प्रीॲम्प. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा, तिच्या हालचालीचा विजेचा सिग्नल करणारा भाग) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, म्हणून १ किलोहर्ट्झला साधारण शंभरपट म्हणजे ४० डीबी गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) द्यावा लागतो. पण नुसतं मोठं करून भागत नाही. रेकॉर्ड कापतानाच बास दाबलेला आणि ट्रेबल चढवलेला असतो, नाहीतर बासच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला गाणी मावणारच नाहीत, आणि प्रीॲम्पने त्याच्या बरोब्बर उलटं करायचं असतं. कुठल्या सुराला किती दाबायचं-चढवायचं याचं हे ठरलेलं माप म्हणजे आरआयएए कर्व्ह, तो १९५४ च्या सुमारास ठरला, टाइम कॉन्स्टंट (कर्व्ह कुठे वळतो ते सांगणारे आकडे, रेझिस्टर गुणिले कपॅसिटर) ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद.

जुन्या सुटकेस टाइप प्लेअरमधे बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याला हे सर्किट लागत नाही, आधी ते बघून घ्या.

घरी करायला सगळ्यात सोपा मार्ग ५५३२ ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारी आयसी), एका आयसीत दोन्ही चॅनल. इनपुटला ४७ के (किलोओहम) रेझिस्टर. फीडबॅकमधे ८८२ के (८२० आणि ६२ सिरीजमधे) ला समांतर ३.६ नॅनोफॅरड, त्याच्यापुढे सिरीजमधे ७५ के ला समांतर १ नॅनोफॅरड, आणि ग्राउंडकडे १ के सोबत सिरीजमधे १०० मायक्रोफॅरड. एवढंच. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन, सिरॅमिक डिस्क इथे नको. ५५३२ जळगाव-धुळ्यात मिक्सर रिपेअर करणाऱ्या मिस्त्रींकडे मिळून जातो, चांगले कपॅसिटर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेले बरे. भुसावळचा उन्हाळा पाहता इलेक्ट्रोलिटिक ८५ डिग्रीवाले न घेता १०५ वालेच घ्यावेत.

खरी मेहनत हमची, म्हणजे मेन्सच्या विजेमुळे स्पीकरमधे येणाऱ्या घुमघुमीची. कर्व्हमुळे ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा सातपट गेन मिळतो, म्हणजे जवळपास ७००, आणि आपली मेन्स लाइन नेमकी ५० हर्ट्झचीच! त्यामुळे महागड्या आयसीवर पैसे घालण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात दोन-तीन फूट लांब ठेवा, फरक लगेच ऐकू येतो. सगळे ग्राउंड एकाच बिंदूला आणा, टोनआर्मची (सुईच्या दांड्याची) बारीक ग्राउंड वायर पण तिथेच. डबा तेलाच्या डब्यासारखा पत्र्याचा चालतो, आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर चुंबकीय हम थोडा अडेल, ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टेनलेस ते करत नाही. आवाज खोल घुमतोय तर ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडला जाणं) किंवा ट्रान्सफॉर्मर, कर्कश भुणभुण असेल तर रेक्टिफायरचा १०० हर्ट्झ, मग पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर आणि ७८१५-७९१५ रेग्युलेटर (अधिक-उणे १५ व्होल्ट देणारे) तपासा.

खेड्याकडे पंप चालू-बंद होताना लाइन वरखाली होते, आणि मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी सोडत राहावं. हे नकोच असेल तर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर सर्किट छान चालतं, मेन्सचा संबंधच उरत नाही. सुरुवात करणाऱ्याने आधी बॅटरीवरच बनवावं असं माझं ठाम मत आहे, कारण मग हम आला तर तो पॉवर सप्लायचा नाही हे पक्कं कळतं आणि शोध वायरिंग आणि कार्ट्रिजपुरता राहतो.

मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजला ६० डीबीच्या आसपास गेन लागतो, त्यासाठी हे सर्किट अपुरं पडतं.