सेप्टिक टँक आणि विहिरीचं पाणी

सेप्टिक टँक म्हणजे ड्रेनेज लाइन नसलेल्या घराची जमिनीतली मैल्याची बंद टाकी. तिच्यातून निघालेलं पाणी शोषखड्ड्यात किंवा भोकं पाडलेल्या पाइपांतून जमिनीत जिरतं, आणि बऱ्याच घरी त्याच जमिनीतून विहिरीने नाहीतर बोअरने प्यायचं पाणी वर येतं, म्हणून दोन्हीची नोंद एकत्रच घेतलेली बरी.

ही टाकी मुळात कोणाची यावर एकमत नाही. १८६० च्या सुमारास फ्रान्समधल्या वेसूल गावी झां-लुई मुरास यांनी ती बांधली असं बहुतेक ठिकाणी सांगतात. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही पाइप पाण्यात बुडवलेले होते, आणि दहाबारा वर्षांनी टाकी उघडली तर घट्ट मैला जवळजवळ उरलाच नव्हता म्हणे. पेटंट मात्र १८८१ चं, आणि त्याची प्रसिद्धी केली आबे म्वान्यो या विज्ञानलेखक धर्मगुरूंनी. ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिलं इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉन यांनी, १८९५-९६ च्या आसपास. सेप्टिक म्हणजे कुजवणारं, शब्द मूळचा ग्रीक. टाकीतल्या गॅसवर त्यांनी दिवेही लावले. टाकीचं श्रेय मुरास यांना आणि नावाचं, प्रसाराचं कॅमेरॉन यांना, ही वाटणी जास्त पटते.

मुरास यांच्या टाकीबद्दलचा ‘आपोआप सफाई’चा दावा मात्र अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. टाकी सगळं पचवत नाही. तेलकट भाग वर सायीसारखा जमतो, जड मैला तळाला गाळ होऊन बसतो, मधलं पाणी पुढे जातं आणि त्यात जंतू, विषाणू, अमोनिया असतातच. खरी सफाई करते ती शोषखड्ड्याखालची हवा खेळती असलेली माती. भूजल वर चढून ती बुडाली की सफाई थांबली. गाळ साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसावा लागतो. मोजायला लांब काठीला पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडतात, थोडं थांबून हळूच वर काढतात, टॉवेलवर काळपट डाग जिथपर्यंत चढलाय तेवढा गाळ. टाकीत डोकं घालू नये, उतरू तर अजिबात नये, हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात कोसळतो आणि वाचवायला मागोमाग उतरणाराही जातो.

विहीर टाकीपासून १५ मीटर आणि शोषखड्ड्यापासून ३० मीटर लांब हवी असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, नियम जागेप्रमाणे बदलतात. भेगाळ खडकात हे आकडे फार कामाचे नाहीत, तिथे पाणी गाळलं न जाताच लांब पळतं. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर गळका मैलाखड्डा सापडला होता, आणि ते पाणी लोक आवडीने पीत होते.

चवीवरून काही कळत नाही, तपासणीच करावी लागते. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे आतड्यातला, मैल्यातून पाण्यात येणारा जंतू, एकही नको. मैल्यातल्या अमोनियापासून मातीत नायट्रेट हा क्षार बनतो, त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांचं अंग निळं पडण्याचा विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटशी संबंध १९४५ मध्ये अमेरिकेत कॉम्ली यांनी दाखवला. क्लोरीनने किंवा उकळून बरेचसे जंतू मरतात, पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं.