तोल जातो तो वाटेत

१८३२ साली पॅरिसमध्ये बॅले नर्तिका मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हा तिच्या पायात सॅटिनच्या मऊ सपाता होत्या. टोकाला भरघोस टाके घातलेले, एवढाच काय तो आधार. बाकी सगळी मेहनत पायांची.

आजच्या पॉइंट शूचं, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचण्याच्या बॅले बुटाचं, टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेलं असतं, तळव्याखाली ताठ पट्टी असते. नाचता नाचता घामाने टोक मऊ पडतं. मोठी भूमिका असेल तर एका प्रयोगातच जोडी निकामी होऊ शकते. हा बूट बोटांवरचा भार थोडाफार वाटून घेतो, पण तोल काही तो सांभाळत नाही.

हिशेबच करून पाहू. बुटाचं सपाट टोक पोस्टाच्या तिकिटाएवढं. रुंदी साधारण ४ सेंमी धरू. त्यावर एका पायाने उभ्या असलेल्या नर्तिकेचा गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर उंचीवर, किंबहुना थोडा वरच. तो मधल्या रेषेपासून २ सेंमी बाजूला सरकला की खेळ संपला. कोनात सांगायचं तर जेमतेम एक अंश! म्हणून प्रेक्षकांना पुतळ्यासारखी स्तब्ध दिसणारी नर्तिका प्रत्यक्षात क्षणाक्षणाला सावरत असते. एवढ्याशा आधारावर एकट्या घोट्याने भागत नाही. खुबा, धड, हात सगळे कामाला लागतात.

आता घोट्याच्या आत डोकावू. नडगीच्या हाडांच्या खोबणीत टेलस नावाचं हाड बसतं. ते पुढे रुंद आणि मागे निमुळतं. पाऊल जमिनीवर सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच उचलून चवड्यावर आलं की निमुळता भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. पूर्ण टोकावर चढल्यावर मात्र टाचेचं हाड नडगीच्या मागच्या कडेला टेकतं आणि सांध्याला पुन्हा अटकाव मिळतो. म्हणजे बघणाऱ्याचा श्वास रोखला जातो तो टोकावर, पण घोटा मुरगळण्याचा धोका जास्त असतो तो मधल्या टप्प्यात, चढता-उतरताना.

तिथे हाडांची कसर स्नायूंना भरून काढावी लागते. नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाऊल आत वळू देत नाहीत. पोटरीतून निघून अंगठ्यापर्यंत जाणारा स्नायू आतली बाजू सावरतो. तळव्यातले छोटे स्नायू बोटं लांब, सरळ ठेवतात. बोटं आकसून बुटाला पकडायला गेली की समजावं, हे स्नायू अजून तयार नाहीत.

म्हणून सरावात बारला, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याला, हात टेकवून केलेल्या सावकाश रेलेव्हेला, म्हणजे टाचा उचलण्याला, मोल आहे. आणि माझ्या मते त्याहून जास्त मोल सावकाश उतरण्याला. थकलेली मुलगी वर नेटाने जाते आणि खाली धपकन येते. आणखी एक युक्ती म्हणजे आरशाकडे पाठ करणं, किंवा साध्या, मऊ टोकाच्या बॅले बुटांत एका पायावर उभं राहून डोळे मिटणं. नजरेचा आधार काढून घेतला की सांध्यांकडून येणाऱ्या संदेशांवर मेंदूला भिस्त ठेवावी लागते.

पॉइंट शूज कधी घालायचे? बारा वर्षांचा आकडा सर्रास सांगितला जातो, पण एकट्या वयावरून ठरवणं बरोबर नाही. त्या वयात पावलाची हाडं वाढतच असतात, आणि एकाच इयत्तेतल्या दोन मुलींच्या घोट्यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. जाणकार शिक्षक आधी साधे बूट घालून एका पायावर उड्या मारायला लावतात आणि पाऊल जमिनीला टेकताना गुडघा, घोटा, बोटं एका रेषेत राहतात का, ते पाहतात.