ताटात वाढलेलं आणि अंगी लागलेलं

वृद्धाश्रमातला आहारतक्ता बहुधा चोख असतो. कॅलरी, प्रथिनं, जीवनसत्त्वं, सगळ्याचा हिशेब जुळलेला. पण तो हिशेब वाढलेल्या अन्नाचा. त्यातलं पोटात किती गेलं आणि अंगी किती लागलं, हे तक्ता सांगत नाही. सत्तरीनंतर खरी गळती तिथेच होते.

ब-१२चंच घ्या. अन्नात ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. उतारवयात अनेकांच्या जठराचं अस्तर झिजतं, आम्ल कमी पडतं. त्यात ॲसिडिटीची गोळी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी भर. गंमत म्हणजे गोळीतलं ब-१२ सुटंच असतं, त्यामुळे आम्ल कमी असलेल्यांनाही ते बहुधा शोषता येतं. रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम आणि यकृतातला साठा काही वर्षं पुरणारा, म्हणून कमतरता चोरपावलांनी येते. पायांना मुंग्या, चालताना जाणारा तोल, विसराळूपणा. सगळं ‘वय झालं’ या खात्यावर जमा. ब-१२ न देता नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर या कमतरतेने उतरलेलं हिमोग्लोबिन सुधारूही शकतं, पण नसांची हानी थांबत नाही.

‘ड’ची गोष्ट वेगळी. ते बनवायचा कातडीतला कच्चा माल वयाबरोबर घटतो. शिवाय त्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण काच जवळपास पूर्ण अडवते. बंद खिडकीशी खुर्ची ठेवली तर ऊब मिळते, ‘ड’ नाही. १९९२ साली फ्रान्समधल्या वृद्धनिवासांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: ३,२७० स्त्रिया, सरासरी वय ८४, रोज ८०० युनिट ‘ड’ आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम. दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर्स ४३ टक्क्यांनी कमी! पुढे धडधाकट प्रौढांना नुसतं ‘ड’ देऊन पाहिलं, तेव्हा फ्रॅक्चर्स कमी झाली नाहीत. माझ्या मते यात विसंगती नाही. ज्यांच्यात मुळात तूट होती, त्यांनाच भरपाईचा फायदा झाला.

‘क’ आणि फोलेट तर ताटात येण्याआधीच घटतात, अन्न तासन्‌तास गरम ठेवल्यामुळे.

रक्ततपासण्या महाग पडतात. वजनकाटा मात्र सगळीकडे असतो, तो महिन्यातून एकदा वापरावा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टरांना कळवावंच. आणि टॉनिक आणण्याआधी तोंडात डोकावून पाहावं. कित्येकदा कवळी सैल होऊन हिरडीला टोचत असते, आणि माणूस संकोचाने सांगत नाही.