जुन्या छोट्या गाडीला नवं इंजिन : पात्रता, परवानगी आणि कागदपत्रं

गंजलेली फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतली मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की सगळ्यात आधी इंजिनाचा विषय निघतो. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या (हवा-पेट्रोल जुन्या पद्धतीने मिसळणाऱ्या) इंजिनाची डागडुजी करत बसण्यापेक्षा त्याजागी इंजेक्शनचं (पेट्रोल मोजून फवारणारं) इंजिन बसवावं, गाडी सकाळी एका चावीत सुरू व्हावी, घाटात धाप लागू नये. ही इच्छा अगदी रास्त आहे. कसबी मेकॅनिकला हे काम अशक्यही नाही. पद्मिनीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसतं आणि जोर मागच्या चाकांना जातो. मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिनही लांबीतच बसणारं, म्हणून गॅरेजमध्ये पहिलं नाव बहुधा तेच निघतं.

पण गॅरेजमध्ये जे बसतं ते आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बसेलच असं नाही. म्हणून इंजिन खाली उतरवायच्या आधी कागद कुठल्या वाटेने न्यायचा हे ठरवून टाका. एकदा जुनं इंजिन भंगारात गेलं की काही वाटा कायमच्या बंद होतात.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही बदल मालकाने करायचा नाही, हा त्याचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात याचा अर्थ आणखी घट्ट केला : उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल नोंदवून घेता येणार नाही. परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं. त्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आरसीवर इंजिन नंबर, चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबर, सीसी, सिलिंडरची संख्या, इंधन, रंग आणि रिकाम्या गाडीचं वजन असं सगळं नोंदलेलं असतं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवलं तर यातला फक्त इंजिन नंबर बदलतो. १०८९ च्या जागी १२९८ सीसीचं, दुसऱ्याच कंपनीचं इंजिन आलं की अर्धी आरसी बदलते, आणि कलम ५२ नेमकं तेच अडवतं.

एक गैरसमज नेहमी कानावर येतो : ‘इंजिन बदलायला परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं.’ विनापरवानगी इंजिन बदलायची सवलत राज्य सरकार देऊ शकतं, पण ती दहा किंवा अधिक परिवहन वाहनं (भाड्याने माणसं-माल वाहणारी) बाळगणाऱ्यांना आणि तीही त्याच बनावटीच्या इंजिनापुरती. घरच्या एका गाडीला ती लागू नाही. बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, हे बंधनही त्याच कलमात आहे.

कोणती गाडी कुठल्या वाटेने

पहिली वाट सगळ्यात सोपी : त्याच मॉडेलचं तेच इंजिन. पद्मिनीला पद्मिनीचंच, ८०० ला ८०० चंच. आरटीओत हे प्रकरण सहसा अडत नाही.

दुसरी वाट ८०० वाल्यांनी नीट तपासावी. कंपनीने पुढे याच मॉडेलमध्ये ७९६ सीसीचंच इंजेक्शन इंजिन दिलं. सीसी तेच, तीन सिलिंडर तेच, इंधन पेट्रोलच. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते बसवायचं तर मूळ तपशिलाला धक्का फार कमी लागतो, त्यामुळे अर्जाला आधार मिळतो. तरी निर्णय नोंदणी प्राधिकाऱ्याचा असतो. म्हणून तोंडी ‘चालेल हो’ वर इंजिन विकत घेऊ नका. आधी अर्ज द्या, पोच घ्या, लेखी उत्तर येऊ द्या.

तिसरी वाट इलेक्ट्रिक किटची. इंधन बदलणाऱ्या मान्यताप्राप्त किटला कलम ५२ मध्येच जागा ठेवलेली आहे. किट एआयएस-१२३ या वाहन उद्योगाच्या मानकानुसार पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजूर हवं, ते किट उत्पादकाने नेमलेल्या केंद्रातच बसवलेलं हवं, आणि मंजुरीच्या कागदावर तुमच्या गाडीचं मॉडेल हवं. शिवाय पूर्ण इलेक्ट्रिक रूपांतरासाठी गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर तयार झालेली असावी लागते. म्हणजे १९८६ च्या ८०० ला किंवा सत्तरच्या दशकातल्या फियाटला ही वाट बंद. विक्रेता काहीही म्हणाला तरी आरसीवरचं उत्पादन वर्ष आधी बघा.

चौथी वाट व्हिंटेज नोंदणीची, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान इथेच सगळ्यात जास्त होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विम्याची पॉलिसी आणि जुनी आरसी. आयात केलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये. नोंदणी दहा वर्षं टिकते, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

आता हिशेब करा. १९७४ साली नोंदलेल्या फियाटची पन्नाशी उलटली आहे, ती आज पात्र आहे. तिच्यात जिप्सीचं इंजिन टाकलं तर व्हिंटेजची पात्रता गेली, आणि साध्या आरसीवर त्या इंजिनाची नोंदही होत नाही. दोन्हीकडून गाडी अडकली. उलट डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या ८०० ची पन्नाशी २०३३ च्या शेवटी भरेल, पण मूळ इंजिन आत्ताच विकलं तर तेव्हा पस्तावायची पाळी येईल. मूळ इंजिन बिघडलेलं असलं तरी तेल लावून, तोंडं बंद करून, पॅलेटवर जपून ठेवा. माझं मत विचाराल तर पन्नाशीच्या आसपासच्या गाडीला परकं इंजिन लावूच नये. मूळ इंजिनाचं बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कोरणं) करून घ्या, पिस्टन-रिंगा बदला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इलेक्ट्रिक फॅन लावा. आरसीवरचा एकही रकाना न बदलता गाडी भरवशाची होते.

आधी आरसी जिवंत आहे का

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची खरी अडचण बहुतेकदा कागदात निघते. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, आरसी सापडत नाही, आणि नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. इंजिनाचा अर्ज त्यानंतरचा.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ वर दुय्यम प्रत मागायची. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर हस्तांतर नमुना ३१ वर होतं. मृत्यूचा दाखला, वारसा दाखवणारा कागद आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. विकत घेतलेली असेल तर नमुना २९ आणि ३०. जुनं कर्ज आरसीवर तसंच दिसत असेल तर बँकेच्या पत्रासह नमुना ३५ देऊन बोजा उतरवायचा. बँक विलीन झालेली असली तर तिची आजची वारस बँक शोधून पत्र आणावं लागतं. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सुरुवातीलाच काढा.

‘एमएच’ मालिकेआधीचे नंबर असलेल्या गाड्या कधीकधी ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत दिसतच नाहीत. अशा वेळी मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढवून घ्यायची. कारकून रजिस्टरमधून तपशील उतरवत असताना शक्यतो समोर थांबा. चेसिस नंबरातला एक अंक चुकला तरी पुढे प्रत्येक ऑनलाइन अर्ज अडेल, कारण अर्जात गाडीच्या नंबरासोबत चेसिसचे शेवटचे पाच अंक विचारले जातात.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, नमुना २५ वर. शुल्क मोटारीला पंधरा वर्षांनंतर ५,००० रुपये. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. आयात मोटारीला हाच आकडा ८०,००० वर जातो. मुदत उलटल्यावर दरमहा ५०० रुपये जादा. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लावून घ्यावी लागते.

चेसिस नंबर आणि गंज

पद्मिनी आणि ८०० दोन्ही मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार वाहतो. त्यामुळे डेंटर सडलेला पत्रा कापायला बसला की चेसिस नंबर असलेला तुकडाही त्यात जाऊ शकतो. तो गेला तर गाडीची ओळखच गेली. काम सुरू करण्याआधी नंबर कुठे आहे ते शोधा, फोटो काढा, चारही बाजूंनी खडूने आखून डेंटरला दाखवा, आणि ‘इथे ग्राइंडर लावायचा नाही’ हे स्वतः उभं राहून सांगा.

आरटीओच्या निरीक्षकाला पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबराचा कागदावर घेतलेला ठसा लागतो. रॉकेल आणि मऊ ब्रशने गंज सैल करा, सुती कापडाने पुसा, नंबरावर पातळ कागद ताणून धरा आणि पेन्सिल आडवी घासत न्या. अंक उमटले पाहिजेत. सॅंडपेपरने घासू नका. उथळ पंच दोन हातांत सपाट होतो, आणि घासलेला नंबर दिसला की निरीक्षकाला छेडछाडीचा संशय येतो. काही अंक वाचता येत नसतील तर आहे त्याच स्थितीत गाडी दाखवून आरटीओकडे लेखी अर्ज करा. स्वतः किंवा गॅरेजमध्ये नंबर पुन्हा पंच करणं हा गुन्हा आहे.

रंगाचंही ध्यानात ठेवा. गंज काढून मूळ रंगच दिला तर प्रश्न नाही. पांढरी गाडी लाल केली तर तोही नोंदवायचा बदल, आणि तो याच अर्जात मागून घेता येतो.

इंजिनाच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं

इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर असतो. हेड बदललं, बोअरिंग केलं, क्रँक टाकला तर अर्ज नको. ब्लॉकसकट ‘हाफ इंजिन’ आणलं की नंबर बदलला, मग अर्ज हवाच.

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पॅन हे नेहमीचं झालं. त्याच्या जोडीला इंजिनाचं बिल लागतं. त्यावर इंजिन नंबर, विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि जीएसटी क्रमांक हवा. इंजिन बसवणाऱ्या गॅरेजचा दाखला, दोन्ही नंबरांच्या पेन्सिल प्रिंट, गाडीचे फोटो, आणि इंजिन चोरीचं नाही अशी हमी देणारं प्रतिज्ञापत्रही जोडायचं. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते.

जुन्या बाजारातलं इंजिन असेल तर खरा पुरावा वेगळाच : ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद. एकच इंजिन नंबर दोन आरसींवर असू शकत नाही. ‘गाडी कापली, कागद नाही’ असं विक्रेता म्हणाला तर कितीही स्वस्त असलं तरी ते इंजिन घेऊ नका. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद नसल्याचा दाखला काढता येतो. तो पैसे देण्याआधीच काढा.

अर्ज आणि तपासणी

परिवहन पोर्टलवर वाहनात बदल नोंदवण्याची सेवा निवडायची, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, कागद चढवायचे, शुल्क भरायचं आणि तपासणीची वेळ घ्यायची. मोबाइल नंबर आरसीशी जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्या. मूळ कागद आणि छापील अर्ज हातात ठेवून आरटीओत जायचं. विमा किंवा नोंदणी संपलेली असेल तर गाडी टोइंगवर न्या. चालवत नेलीत तर वाटेतच प्रकरण वाढेल.

मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर प्रत्यक्ष वाचतो, बिलाशी आणि प्रिंटशी ताडून बघतो. नंबर बहुतेक वेळा एक्झॉस्टच्या किंवा माउंटिंगच्या आड असतो. आदल्या दिवशी ती जागा पुसून ठेवा, टॉर्च आणि छोटा आरसा सोबत न्या. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर हेही बघितलं जातं. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिकडेही बदल कळवला जातो, त्यामुळे तिथला जुना कर थकलेला नसावा.

नवी आरसी आली की इंजिन नंबर, सीसी आणि रंग हे तीन रकाने लगेच वाचा आणि तीच प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत बदल करून घ्या. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्याचे टप्पे हजार सीसीपर्यंत, हजार ते पंधराशे आणि त्यावर असे आहेत. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला या हप्त्यात निम्मी सूट मिळते. ती एजंट आपणहून सांगेलच असं नाही, मागून घ्या.