इग्निशन वायरिंग बदलणे (जुन्या मोटारींतील)

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारींत बॅटरीपासून स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या तारा काढून त्या जागी नव्या तारा बसवण्याचे काम. अशा बहुतेक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली आणि १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत आलेली बॅटरी, कॉइल (दाब वाढवणारे वेटोळे) व पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे स्पर्शक) यांची रचना आढळते. तिच्या प्राथमिक मंडलात (बॅटरीपासून कॉइल व पॉइंटपर्यंत) ६ किंवा १२ व्होल्ट दाबाने काही अँपिअर प्रवाह वाहतो, तर दुय्यम मंडलात (कॉइलपासून प्लगपर्यंत) प्रवाह नगण्य, पण दाब हजारो व्होल्ट असतो. त्यामुळे पहिल्यात गंजलेले जोड दाब खातात आणि दुसऱ्यात तडकलेल्या आवरणातून ठिणगी वाटेतच निसटते.

जुनी तार दिसते तशीच नवी आणून बसवली की काम झाले, ही समजूत येथे महागात पडते. अनेक गाड्यांत कॉइलपूर्वी बॅलास्ट रोध, म्हणजे कॉइलकडे जाणारा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध, असतो. काहींत तो वेगळा दिसतच नाही, कारण हार्नेसमधील (तारांच्या जुडग्यातील) साधी भासणारी एक तारच रोधतार असते. तिच्या जागी तांब्याची साधी तार घातल्यास सुमारे १.५ ओहम रोधाच्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, कॉइल तापते आणि पॉइंट लवकर जळतात. उलट, बॅलास्टविना चालणारी सुमारे ३ ओहमची कॉइल रोधतारेवर जोडली, तर ठिणगी दुबळी पडते. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब उतरत असल्याने तेवढ्यापुरता बॅलास्ट टाळणारी वेगळी तारही असते, आणि नव्या जोडणीत नेमकी तीच विसरली जाते. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) आतली आखूड तारही अशीच फसवी असते: ठिणगीची वेळ बदलणाऱ्या निर्वात यंत्रणेने हलणाऱ्या तबकडीबरोबर ती सतत वाकत असल्याने अतिशय लवचीक, बारीक तंतूंचीच लागते.

कॉइलच्या अग्रांची दिशाही पाहावी लागते, कारण अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते. प्लगचा तप्त मधला इलेक्ट्रोड ऋण असला, तर ठिणगी कमी दाबात पडते. जोडणी उलटली तरी इंजिन चालते, म्हणून ही चूक बराच काळ लपून राहते.

प्लगच्या जाड तारा एकेक करून बदलल्यास प्रज्वलनक्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) चुकत नाही. रेडिओतील खरखर रोखणाऱ्या कार्बनगाभ्याच्या तारांचा रोध हजारो ओहम असतो, तेव्हा मीटरवरील मोठा आकडा नेहमीच दोष दाखवत नाही. ज्या व्ही-८ इंजिनांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे, त्यांत शेजारचे ५ व ७ क्रमांकाचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या तारा समांतर व चिकटून नेल्यास प्रवर्तनाने सातव्यात अवेळी ठिणगी पडू शकते.

सुरुवातीला बॅटरी सोडवून प्रत्येक तारेला खूणचिठ्ठी लावतात आणि इंजिनकक्षाच्या पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे बसवतात. शेवटी अंधारात इंजिन चालवून तारांवर वीज निसटल्याची निळसर चमक दिसते का, हे पाहतात. तपासणीत इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवू नये, कारण अशा वेळी कॉइलमधून प्रवाह अखंड वाहत राहतो आणि नवी कॉइलही जळू शकते.